उरणाऱ्या यकृताचं काम मोजताना

यकृताचा तुकडा कापून काढायच्या शस्त्रक्रियेआधी सीटीवर मागे उरणारा भाग ४० टक्के दिसला म्हणून निर्धास्त होऊ नकोस. केमोथेरपी झालेलं किंवा चरबी साठलेलं यकृत आकाराने भरतं, कामात कमी पडतं. मेब्रोफेनिन, म्हणजे यकृताच्या पेशी रक्तातून ओढून पित्तात सोडतात ते द्रव्य, त्याचा स्कॅन करायचा तो यासाठीच. किरणोत्सर्गी टेक्नेशियम जोडलेल्या मेब्रोफेनिनचं इंजेक्शन पेशंट कॅमेऱ्याखाली असतानाच दे. हृदय आणि यकृत दोन्ही चौकटीत आलीत ना, ते आधी बघ. द्रव्याची रक्तातली घट हृदयावरूनच मोजतात. हिशेब १५० ते ३५० सेकंदांमधला, म्हणजे पित्त भराभर बाहेर पडायला लागण्याआधीचा. उरणाऱ्या भागाभोवती रेषा आखताना सर्जनना शेजारी बसव. उरणारा भाग द्रव्य ओढतो त्या वेगासाठी मिनिटाला २.७ टक्के प्रति चौरस मीटर (शरीराच्या पृष्ठभागाच्या) ही किमान मर्यादा पुष्कळ ठिकाणी धरतात, पण काविळीचं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, वाढलेलं असेल तर तेही मेब्रोफेनिनच्याच वाटेने पेशीत शिरतं आणि आकडा उगाच खाली येतो. अशा वेळी कावीळ उतरेपर्यंत थांबा, असं सर्जनना स्पष्ट सांग.