ड्युरंटनं कुठं जावं, हे ठरवताना

अनेक आशीर्वाद.

तुझं टिपण सावकाश वाचलं. 2025 च्या उन्हाळ्यात फिनिक्स सोडताना बास्केटबॉलच्या एनबीए लीगमधल्या केव्हिन ड्युरंटसाठी कोणता संघ योग्य होता, यावर तू पाच संघांचा तक्ता केलास, प्रत्येकाला दहापैकी गुण दिलेस आणि ह्यूस्टनला पहिला नंबर दिलास. उत्तर मलाही तेच वाटतं. पण तक्त्यातला प्रत्येक संघ तू एप्रिल महिन्यात होता तसाच्या तसा उभा केला आहेस, आणि तिथंच माझं तुझ्याशी भांडण आहे. त्या संघात ड्युरंट कधीच जाणार नव्हता. त्याला आणायचं म्हणजे त्या संघातले दोन-तीन जण बाहेर जाणार, पुढच्या वर्षांचे पिक, म्हणजे ड्राफ्टमध्ये नवे खेळाडू निवडण्याचे हक्क, जाणार. उरेल तो संघ त्याचा. गुण द्यायचे तर त्या उरलेल्या संघाला दे.

हे मी इतक्या आग्रहानं का सांगतो, ते फेब्रुवारी 2023 कडे बघितलंस की कळेल. तेव्हा ड्युरंट ब्रुकलिनहून फिनिक्सला गेला. बुकर, ख्रिस पॉल, एटन आणि आता ड्युरंट, अशी चार नावं एका ओळीत लिहून लोकांनी फिनिक्सला विजेता ठरवूनच टाकलं होतं. त्या ओळीत नव्हतं ते असं: मिकल ब्रिजेस गेला, कॅम जॉन्सन गेला, जे क्राउडर गेला, 2023, 2025, 2027 आणि 2029 चे पहिल्या फेरीचे चार पिक कोणत्याही संरक्षणाशिवाय (पिक फार वरचा आला तर तो स्वतःकडे ठेवण्याची अट नसताना) गेले, वर 2028 चा पिक बदलून घेण्याचा हक्कही गेला. ब्रिजेस आणि जॉन्सन हे असे खेळाडू होते की समोरच्या संघातल्या सगळ्यात अवघड माणसाला अडवायचं आणि बॉल मिळाला तर तीन गुणांचा शॉट मारायचा. ड्युरंटसारख्या खेळाडूच्या शेजारी नेमकं असंच कुणीतरी लागतं. विहीर घ्यायला शेत विकलं, तसं झालं ते. मग त्याच उन्हाळ्यात ब्रॅडली बीलला आणलं आणि उरलेली जागाही पगारातच संपली. 2024 मध्ये मिनेसोटानं प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत 4-0 नं घरी पाठवलं. 2024-25 मध्ये लीगमधला सगळ्यात महागडा संघ 36 जिंकून 46 हरला आणि प्ले-इनपर्यंतही (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीचे सामने) पोचला नाही. आणि त्या हंगामात ड्युरंट कसा खेळला? सामन्याला 26.6 गुण, 52.7 टक्के फील्ड गोल (फ्री थ्रो सोडून सगळे शॉट), तीन गुणांच्या रेषेबाहेरून 43 टक्के. वय 36. दोष त्याच्या खेळात नव्हता, त्याच्यासाठी मोजलेल्या किमतीत होता.

अशी उदाहरणं आणखी आहेत. कार्मेलो अँथनी फेब्रुवारी 2011 मध्ये न्यूयॉर्कला गेला तो गॅलिनारी, विल्सन चँडलर, फेल्टन, मोझगोव्ह यांच्या बदल्यात. न्यूयॉर्कमध्ये तो इतकी वर्षं राहिला आणि प्लेऑफची एकच मालिका जिंकली, 2013 मध्ये बॉस्टनविरुद्ध. तेव्हा पहिलं काम हे कर: संघाची यादी समोर घे आणि जाणाऱ्या नावांवर पेन्सिलनं रेघ मार. रेघ मारल्यावर जे दिसेल त्यावर लिहायला बस.

आता कराराकडे येऊ. तू आर्टिकलशिप करतेस, दिवसभर दुसऱ्यांचे कागद तपासतेस, आणि ड्युरंटचा करार मात्र तू एका ओळीत उडवून लावलास. याचं मला खरंच नवल वाटलं. 2025-26 साठी त्याचा पगार सुमारे 5 कोटी 47 लाख डॉलर, आणि ते त्या कराराचं शेवटचं वर्ष. त्या हंगामाचा सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची लीगनं ठरवलेली मर्यादा, 15 कोटी 46 लाख डॉलर होता. म्हणजे कॅपच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रक्कम एका माणसाची. त्याच्या करारात ट्रेड, म्हणजे देवाणघेवाणीत दुसऱ्या संघाकडे पाठवणं, नाकारण्याचं कलम नव्हतं. ते बीलच्या करारात होतं. कागदावर पाहिलं तर फिनिक्स त्याला कुठंही पाठवू शकत होतं.

मग त्याच्या पसंतीचे म्हणून ह्यूस्टन, सान अँटोनियो आणि मायामी हे तीनच संघ बातम्यांत आले, त्याला इतकं वजन का मिळालं? कारण तेच शेवटचं वर्ष. जो संघ त्याला घेणार, त्याला विचार करावाच लागणार की वर्षभरानं हा निघून गेला तर आपल्या हातात काय? खेळाडू पुढची सही करायला राजी नसेल तर पूर्ण किंमत कोण मोजणार? नकाराचं कलम नसूनही नकाराची ताकद त्याच्याकडे होती, ती अशी. तुझ्या तक्त्यात मिनेसोटाला दुसरा नंबर आहे. अँथनी एडवर्ड्स आणि ड्युरंट एका संघात हे चित्र छान आहे, एडवर्ड्सचा तो लहानपणापासूनचा आवडता खेळाडू, संघ लागोपाठ दोन वर्षं पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत. पण ड्युरंटला तिकडं जायचं नव्हतं, अशा बातम्या होत्या. शिवाय फिनिक्स आणि मिनेसोटा हे दोन्ही संघ 2024-25 च्या हंगामात दुसऱ्या अ‍ॅप्रनच्या (कॅपच्याही वर लीगनं आखलेल्या पगाराच्या मर्यादेच्या) वर होते, आणि हा नियम नीट समजून घेतल्याशिवाय यापुढं ट्रेडवर एक ओळही लिहू नकोस. 2023 च्या करारनाम्यानंतर पगाराची ती मर्यादा ओलांडलेल्या संघाला दोन-तीन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा पगार आणता येत नाही, आणि दिला त्याहून एक डॉलरही जास्त पगार घेता येत नाही. मिनेसोटात ड्युरंटएवढा पगार एकट्याचा कुणाचाच नव्हता, गोबेअरचाही नाही. त्या हंगामाच्या हिशेबात, म्हणजे जून संपायच्या आत, हा सौदा सरळ मार्गानं बसतच नव्हता.

ह्यूस्टनचं गणित बघ. जेलन ग्रीनचे सुमारे 3 कोटी 33 लाख, डिलन ब्रूक्सचे सुमारे 2 कोटी 11 लाख, बेरीज जवळपास ड्युरंटच्या पगाराएवढी. त्यासोबत 2025 चा दहावा पिक आणि दुसऱ्या फेरीचे पाच. आता रेघ मार. ग्रीन आणि ब्रूक्स गेले. राहिले कोण? आमेन थॉम्पसन, अल्पेरेन शेंगुन, जबारी स्मिथ, टारी ईसन, रीड शेपर्ड. 52 सामने जिंकून पश्चिमेत दुसरा आलेला संघ, आणि त्याचा गाभा जागच्या जागी. प्रशिक्षक इमे उडोका ब्रुकलिनमध्ये सहायक असताना ड्युरंटसोबत होता. स्टीव्हन अ‍ॅडम्स ओक्लाहोमा सिटीतला जुना सोबती.

पण याहून महत्त्वाचं म्हणजे या संघाला नेमकं काय कमी पडत होतं. त्यासाठी एप्रिल-मे 2025 मधली गोल्डन स्टेटविरुद्धची प्लेऑफची मालिका पुन्हा बघ, आणि बॉलकडे न बघता थॉम्पसनला धरणाऱ्या माणसाकडे बघ. थॉम्पसन लांबून शॉट मारत नाही, म्हणून तो माणूस त्याला सोडून सरळ बास्केटखाली येऊन उभा राहतो. शेंगुन आत बॉल घेऊन वळला की त्याच्या अंगावर दोघं. बॉल बाहेर आला की शॉट क्लॉकवर (शॉट मारायच्या मुदतीच्या घड्याळावर) चार-पाच सेकंद उरलेले, आणि तेव्हा हात वर करून शॉट मारेल असा माणूस नाही. ग्रीननं एका सामन्यात 38 गुण केले, पण मालिकेतली त्याची सरासरी 13 च्या आसपास राहिली. सातवा सामना 103-89 असा हरले. 89 गुणांत सातवा सामना जिंकता येत नाही.

आता त्याच जागी ड्युरंटला उभा कर. फ्री थ्रो रेषेचा कोपरा, ज्याला एल्बो म्हणतात, तिथं त्याला बॉल मिळाला की 6 फूट 11 इंचांचा हा माणूस कुणाच्याही डोक्यावरून शॉट मारतो. त्याला ड्रिबलची गरज नाही, जागेचीही फारशी नाही. मदतीला यायचं तर थॉम्पसनवरच्या माणसालाच यावं लागणार, आणि तो वळला की थॉम्पसन बेसलाइननं (बास्केटमागच्या रेषेच्या कडेनं) धावत थेट रिमवर. म्हणजे थॉम्पसनला शॉट येत नाही ही उणीवही थोडी झाकली जाते. ‘फिट 9/10’ असा आकडा तू टाकलास त्याऐवजी हा एक प्रसंग लिही. वाचणाऱ्याला आकड्यानं काही दिसत नाही, या हालचालीनं दिसतं.

एक गोष्ट तुझ्या नजरेतून सुटली, ती सांगतो कारण ती मला फार आवडते. तो दहावा पिक मुळात फिनिक्सचाच होता. 2023 मध्ये ड्युरंटसाठी फिनिक्सनं तो ब्रुकलिनला दिला, 2024 मध्ये ब्रुकलिनकडून तो ह्यूस्टनला गेला, आणि 2025 मध्ये ड्युरंट देऊन फिनिक्सनं तो परत घेतला. फिनिक्स हरत गेलं तसा त्याचा भाव वाढत गेला. ह्यूस्टननं दुसऱ्याच्या पडझडीतून मिळालेली रक्कम त्यालाच परत करून ड्युरंट घेतला, स्वतःच्या घरातलं फार काही न देता. म्हणून हा सौदा मला ह्यूस्टनच्या बाजूनं इतका स्वच्छ वाटतो.

सान अँटोनियोबद्दल तू फार कडक लिहिलंस, ‘संधी घालवली’ म्हणून. मला तसं वाटत नाही. त्यांचा मुख्य खेळाडू वेम्बान्यामा 21 वर्षांचा, खांद्यातल्या रक्ताच्या गुठळीमुळे फेब्रुवारीपासून उरलेला हंगाम बाहेर राहिलेला, संघ 34-48, आणि हातात ड्राफ्टचा दुसरा पिक. ज्यांचा काळ पुढं आहे त्यांनी 36 वर्षांच्या खेळाडूसाठी घाई का करावी? मायामीचं तर रेघ मारली की काम संपतं. जिमी बटलर फेब्रुवारीतच गेला होता, क्लीव्हलंडनं चार सामन्यांत मिळून 122 गुणांनी हरवलं होतं, प्लेऑफच्या इतिहासातला तो सर्वांत मोठा फरक. ड्युरंटसाठी आणखी माणसं दिल्यावर अडेबायोच्या शेजारी कोण उरलं असतं?

कराचा मुद्दा तू घेतलास, चांगलं केलंस, फक्त तो मोजून मांड. टेक्सास आणि फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही, मिनेसोटात वरचा दर 9.85 टक्के आहे, हे बरोबर. पण फेडरल कर सगळीकडे आहे, आणि कॅलिफोर्नियात खेळायला गेलं की तिथल्या दिवसांच्या हिशेबानं ते राज्य आपला वाटा घेतं. तू ‘पूर्ण पगार वाचतो’ असं लिहिलंस ते खोड.

खेळाडूच्या बाजूनं मात्र तू फार कमी विचार केलास, याचं मला वाईट वाटलं. 2019 च्या फायनल्समध्ये या माणसाची टाचेमागची अकिलीसची शीर (टेंडन) तुटली, पुढचा अख्खा हंगाम गेला, आणि त्यातून उठून तो असा खेळतोय. 22 जून 2025 ला, आपल्याकडे रविवारची रात्र होती, तो न्यूयॉर्कमध्ये एका कार्यक्रमात मंचावर बसला होता आणि ट्रेडची बातमी तिथंच, सगळ्या लोकांसमोर फुटली. पुढच्या घराचं गाव आपल्याला शेकडो अनोळखी माणसांच्या गलक्यात कळतं, ही काय अवस्था असेल! ऑक्टोबरमध्ये त्यानं ह्यूस्टनशी दोन वर्षांची 9 कोटी डॉलरची मुदतवाढ केली. त्याला 12 कोटींच्या आसपास मागता आले असते. सोडलेले ते पैसे म्हणजे त्यानं त्या संघाला दिलेलं मत आहे, आणि माझ्या मते तुझ्या कुठल्याही गुणांपेक्षा ते जास्त बोलकं आहे.

आणखी एक. सप्टेंबरमध्ये फ्रेड व्हॅनव्हलीटच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला, म्हणून तू ह्यूस्टनचा एक गुण कापलास. तसं करू नकोस. जूनमध्ये निर्णय घेणाऱ्यांना सप्टेंबर माहीत नव्हता. तू टिपणाच्या वर तारीख घाल, 22 जून 2025, आणि त्यानंतर कळलेलं काहीही निर्णयाच्या पारड्यात टाकू नकोस. वेगळ्या परिच्छेदात लिही, तिथं त्याला जागा आहे.

उलट दिशेचंही एक उदाहरण तुझ्या लेखात हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की खेळाडूची संमती नसेल तर सौदा करूच नये. 2018 मध्ये कवाय लेनर्डच्या करारात एक वर्ष उरलं होतं, टोरंटोला जायची त्याची इच्छा नव्हती, तरी टोरंटोनं डीरोझन, पोल्टल आणि संरक्षित पिक देऊन त्याला घेतलं. 2019 ला विजेतेपद मिळालं आणि त्याच उन्हाळ्यात तो लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सकडे गेला. टोरंटोतल्या कुणालाही विचार, ते पुन्हा तेच करतील. जानेवारी 2024 मध्ये इंडियानानंही पहिल्या फेरीचे तीन पिक देऊन पास्कल सियाकमला घेतलं तेव्हा त्याच्या पुढच्या करारावर सही झालेली नव्हती. त्यानं उन्हाळ्यात चार वर्षांची सही केली, आणि ड्युरंटची बातमी फुटली त्याच दिवशी, तिकडच्या संध्याकाळी, तो फायनल्सचा सातवा सामना खेळत होता. संघाजवळ विजेतेपदाइतकी ताकद आधीच असेल तर एका वर्षासाठीही मोठी किंमत योग्य ठरते. ती ताकद आहे की नाही, हे रेघ मारल्यावरच कळतं.

टिपण दुरुस्त कर, आणि ते झालं की लाऊरी मार्कननचं घे. युटानं ऑगस्ट 2024 मध्ये त्याच्याशी 2028-29 पर्यंतचा करार केला. करार इतका लांब की ड्युरंटच्या हातात होती तशी ताकद त्याच्या हातात नाही, सगळं युटाच्या मर्जीवर. सहीची तारीख 7 ऑगस्ट आहे. ती एक दिवस आधी झाली असती तर सहीनंतर सहा महिने ट्रेड न करण्याची अट 6 फेब्रुवारी 2025 च्या ट्रेडच्या डेडलाइनपूर्वी संपली असती आणि त्याच हंगामात त्याला ट्रेड करता आलं असतं. ते होऊ नये म्हणूनच तारीख पुढं गेली. करार उघड, तारखा काढ, त्याला घेऊ शकतील असे तीनच संघ निवड आणि प्रत्येकाच्या यादीवर रेघा मारून मला पाठव. तक्ता नको.

तुझा,
काका