मनिलातल्या शाळेत मुलगा नवा आहे. वर्गमित्रांबरोबर तिथला कोणता पारंपरिक खेळ आधी खेळावा?
पातिंतेरो! म्हणजे जवळजवळ आपल्या आट्यापाट्याच. जमिनीवर खडूने किंवा पाण्याने रेघा आखतात. एक गट रेघांवरून अडवतो, दुसऱ्याने अंगाला हात लागू न देता पलीकडे जाऊन परत यायचं. मधल्या उभ्या रेघेवर पळणारा 'पातोतोत' म्हणजे आपला सूर. हुलकावणी देता आली की भाषेवाचून काही अडत नाही.

मग तुंबांग प्रेसो. रिकामा डबा चप्पल फेकून पाडायचा. ज्याच्यावर राज्य, तो 'ताया'. त्याने डबा पुन्हा उभा करून शिवायच्या आत आपली चप्पल उचलून पळायचं. डबा खणखणत लांब गेला की सगळ्यांची एकच पळापळ उडते, फार मजा येते! चप्पल मात्र जुनी द्या.

पावसाळ्यात घरी सुंग्का आहेच, म्हणजे खळग्यांच्या पटावरचा बैठा खेळ, प्रत्येक लहान खळग्यात 7-7 कवड्यांचा.