चाळ बांधायच्या आधी

प्रिय मुली,

तुझं पत्र पोचलं. नऊवारी शिवलेली घेऊ की नेसू, घामाने मेकअप ओघळू नये म्हणून काय करू, पहिलं गाणं कुठलं घेऊ, सगळं विचारलंस. पैशाबद्दल मात्र एक अक्षर नाही. म्हणून तिथूनच सुरू करते. आपल्या लावणीच्या धंद्यात बाई स्टेजवर अडचणीत येते ना, ती अडचण बहुतेक वेळा सुपारीच्या फोनवरच ठरलेली असते. "या तर खरं ताई, तुम्हाला नाराज नाही करणार" असं म्हणणारा माणूस रात्री अकरा वाजता काय करेल, ते फोनवरच ओळखता यायला हवं.

सुपारी घेताना रक्कम सगळ्यात शेवटी बोलायची. आधी विचारायचं: कार्यक्रम कशाचा? जत्रा, वाढदिवस, गणपती, की सोसायटीचा महिला दिन? सुरू किती वाजता आणि संपणार किती वाजता? गाणी किती, मुली किती? साउंड कुणाचा? ढोलकी-पेटी आपली घ्यायची की पेनड्राइव्हवर नाचायचं? स्टेज किती उंच, पुढे बॅरिकेड आहे का, पहिली रांग कुणाची? पोलीस परवानगी कुणाच्या नावावर? कपडे बदलायला पक्की खोली आहे का, तिला आतून कडी आहे का, जवळ संडास आहे का? शेवटचा प्रश्न विचारला की काही आयोजक हसतात. हसू दे. जो उत्तर देतो त्याच्याकडे जायचं. जो "तंबू ठोकून देतो की" म्हणतो त्याला तंबूचा फोटो मागायचा.

हे सगळं बोलून झालं की त्याच रात्री व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवायचं आणि समोरून "ओके" घ्यायचं. कागदावरचा लेखी करार उत्तमच, पण गावकडच्या यात्रा कमिटीत कागद म्हटलं की माणसं बिचकतात, मेसेज चालतो. इसार निम्मा, तोही खात्यावर. उरलेली बिदागी पायात चाळ, म्हणजे घुंगरं, बांधायच्या आधी. कार्यक्रम झाल्यावर अध्यक्ष सापडत नाही, खजिनदार झोपलेला असतो आणि गाडीवाला हॉर्न वाजवत असतो. पाऊस आला, गावात मयत झाली, आचारसंहिता लागली, तर इसार परत की पुढच्या तारखेला, हेही त्याच मेसेजमध्ये.

वेळेचं तर नीटच ठरव. रात्री दहाला लाऊडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. सरकार वर्षातले मोजके सणाचे दिवस, फार तर पंधरा, बारापर्यंत सवलत देतं. तरी नऊला सुरू होणारा दोन तासांचा कार्यक्रम लोक सर्रास ठरवतात. साडेनऊपर्यंत सत्कार चालतात, दहाला पोलीस येतात आणि कमिटी म्हणते, "तीनच गाणी झाली, पैसे कमी." म्हणून लिहायचं: आम्ही अमुक वाजता तयार असू, उशीर तुमचा झाला तर बिदागी पूर्ण.

तमाशाच्या फडातून बोलावणं आलंय म्हणतेस. जायचं तर जा, वगात, म्हणजे तमाशातल्या नाटकात, काम करून जे शिकशील ते नुसत्या लावण्यांच्या बॅनर शोमध्ये मिळणार नाही. पण उचल घेऊ नकोस. हंगामाच्या आधी फडमालक एकरकमी पैसे देतो, ते पगारातून फिटतात असं म्हणतात, प्रत्यक्षात पावसाळ्यात पुन्हा हात पसरावा लागतो आणि पुढच्या हंगामाला तू आधीच बांधलेली असतेस. सगळे मालक वाईट असतात असं नाही. हिशेबच तसा आहे. चैत्र-वैशाखात जत्रांची रांग लागते, नंतर आषाढात चूल पेटवायची कशावर? ज्या महिन्यात सुपाऱ्या जास्त त्या महिन्यात चार पावसाळी महिन्यांचं रेशन बाजूला काढ. दागिने नंतर.

आता स्टेज. अंगभर नऊवारी, डोक्याला खोपा, कमरेला पट्टा, उघडं काय तर चेहरा, हात आणि पाठीचा थोडा भाग. तरी लावणीइतकी शृंगाराची कला दुसरी नाही, कारण ती दाखवण्यापेक्षा राखण्यावर चालते. लावणीच्या जुन्या कलावंत यमुनाबाई वाईकरांना २०१२ साली पद्मश्री मिळाली; बैठकीत त्या बसल्या जागी अदा करायच्या. एकच ओळ घोळवायची, एकदा रुसव्याची, एकदा लाडाची, एकदा टोमण्याची. सुलोचना चव्हाणांनी ठसकेबाज लावण्या गायल्या त्या डोक्यावर पदर घेऊन. तू उभ्याने नाचणारी आहेस, ठीक आहे, पण बैठकीची निदान एक लावणी कुणा जाणत्या बाईसमोर बसून शीक. ओळीचा अर्थ नीट कळला की हात कुठे न्यायचा हे कुणी सांगावं लागत नाही.

पहिलं गाणं सोपं ठेव. श्वास बसायला आणि स्टेजची फळी कुठे दबते हे कळायला ते गाणं लागतं. सगळ्यात गाजलेलं दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला. मध्ये एक संथ घे. आयोजक नको म्हणेल, "पब्लिक थंड पडेल" म्हणेल. तरी घे. शिट्ट्या थांबून माणसं ऐकायला लागली की पुढचा अर्धा तास तुझ्या हातात असतो.

डीजेवर कंबर हलवून रातोरात नाव झालेल्या मुलींबद्दल तू विचारलंस. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पोट प्रत्येकीला आहे. पण एकदा ज्या इशाऱ्यावर गर्दी पेटली तोच इशारा पुढच्या गावात मागितला जातो, त्याच्या पुढच्या गावात जास्त. आणि गोंधळ झाला, गुन्हा दाखल झाला, तर बातमीत नाव तुझं येतं, आयोजकाचं नाही. कुठवर जायचं हे घरी आरशासमोर ठरव. गर्दीसमोर ठरवायला वेळ नसतो.

दौलतजादा, म्हणजे खूश झालेल्या माणसाने नाचणारीला पैसे देणं, हा आपल्याकडचा जुना रिवाज. संगीतबारीत, म्हणजे चौफुल्याला, मोडनिंबला लावणीची थिएटरं आहेत तिथे, तो ठरलेल्या शिस्तीत चालतो: समोर बसलेला माणूस फर्माईश करतो, पैसे देतो, त्यात वाटा कुणाचा किती हे सगळ्यांना ठाऊक असतं. जत्रेच्या उघड्या स्टेजवर ती शिस्त नसते. तिथे नोट हातात धरून वर चढणाऱ्याला नोट द्यायची नसते, हात धरायचा असतो. माझा नियम असा: पैसे निवेदकाकडे, त्याने नाव माइकवर घ्यायचं आणि थाळीत टाकायचे. कुणाच्या तोंडातली, कुणाच्या खिशातली, कुणी लावू पाहिलेली नोट घ्यायची नाही, मग ती पाचशेची असो.

तरी एखादा चढतोच. तेव्हा चिडायचं नाही. नाच न थांबवता दोन पावलं मागे, पदर सावरत हसून माइककडे: "पाटील, खाली बसा, तिथूनच गोड दिसतंय!" लोक हसतात आणि हसणाऱ्या लोकांसमोर त्याला खाली उतरावं लागतं. नाही उतरला, तर ढोलकीवाल्याशी खूण ठरलेली हवी. माझी खूण नथीची होती: डाव्या हाताने नथ सावरली की तो लगेच तोडा घेऊन सम गाठायचा, गाणं संपायचं, निवेदक पुढे यायचा आणि मी विंगेत. पब्लिकला वाटायचं गाणंच तेवढं. तुझी खूण तू ठरव, पण प्रत्येक शोच्या आधी ढोलकीवाल्याकडून ती एकदा वदवून घे. पार्टीत, म्हणजे आपल्या संचात, नवा माणूस आला असेल तर दोनदा.

एकटी कुठेही जाऊ नकोस. सोबत एक बाई असावी जिचं काम नाचायचं नाही, फक्त खोलीवर आणि पर्सवर लक्ष ठेवायचं. तिला पैसे दे, फुकट आणू नकोस. खोलीत शिरल्यावर आधी दिवा बंद करून भोकांतून, फटींतून उजेड येतो का बघायचा. खिडकीला, फटींना कपडा लावायचा. मोबाइल कुठे टेकवून ठेवलाय का ते पाहायचं. कपडे बदलताना चोरून व्हिडिओ काढला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली पहिल्याच गुन्ह्याला किमान एक वर्ष कैद आहे. असं घडलं तर व्हिडिओ उडवायला लावून तंटा मिटवू नकोस, फोन तसाच पोलिसांच्या हाती जाऊ दे. ज्याने व्हिडिओ काढला त्याला लाज वाटायला हवी. आयोजक किंवा मालक त्रास देत असेल, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते. दहापेक्षा कमी माणसांच्या पार्टीतल्या बाईलाही तिथे तक्रार करता येते.

"शोनंतर जेवायला थांबा" याचं उत्तर एकच: "डबा बांधून द्या." कारण सांगत बसू नकोस.

समोरच्या गर्दीतले मोबाइल तुला थांबवता येणार नाहीत. पण आयोजकाने कॅमेरा लावून अख्खा कार्यक्रम काढला आणि चॅनेलवर टाकून कमाई केली, हे वेगळं. सादरीकरणावर कलाकाराचा हक्क कॉपीराइट कायद्यात ५० वर्षं मानला आहे, परवानगीशिवाय असं विकता येत नाही. म्हणून मेसेजमध्ये एक ओळ वाढव: "शूटिंग करायचं असल्यास वेगळे पैसे." रील तू स्वतः टाक, तुझ्या नावाने, आणि ज्याची ढोलकी आहे त्याचंही नाव घाल. धंद्याचा नंबर वेगळा ठेव. घरचा नंबर पोस्टरवर कधीच नको.

शरीराचं थोडक्यात सांगते. चाळ एकदम जड बांधू नकोस. आधी थोडी घुंगरं, खाली मऊ सुती पट्टी, घोटा सरावला की वजन वाढव. अनवाणी नाचायचं, तेव्हा उजेड असतानाच स्टेजवर पायाने चालून बघ, खिळा, गालिच्याची घडी, दोन फळ्यांतली फट. नऊवारीचं उत्तर: पुण्यामुंबईच्या नाट्यगृहात, मध्ये भराभर कपडे बदलायचे असतील तर शिवलेली, एरवी नेसायला शीक, काष्टा पिनेवर सोडू नकोस, दोन टाके घाल. मेकअप एवढंच की नवीन डबा शोच्या दिवशी उघडायचा नाही. आणि ड्रायव्हर दुपारी झोपला होता का, हे विचारल्याशिवाय परतीच्या गाडीत बसायचं नाही. पहाटेच्या रस्त्याची भीती मला कुठल्याही टारगट गर्दीपेक्षा जास्त वाटते.

तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तुला भाषणांत ऐकवतील. दिवस भरलेले, वगाच्या मध्येच कळा आल्या, कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहायला निघाल्या. लोक टाळ्या वाजवतात. मला ती गोष्ट ऐकून राग येतो. त्या बाईला राष्ट्रपती पदक मिळालं, शेवटची वर्षं मात्र हलाखीत गेली. २००२ साली त्या गेल्या, आता त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. त्यांच्या पायाच्या धुळीची सर आपल्याला येणार नाही, पण बाळंतपणात, तापात, पाळीच्या असह्य दुखण्यात तू नाचलंच पाहिजेस असं ज्याला वाटतं, त्याला दुसरी मुलगी पाठव. बदली मुलीचा नंबर तयार ठेव, तूही कुणाची तरी बदली हो.

प्रत्येक कार्यक्रमाचं हँडबिल, पेपरातलं कात्रण, सन्मानपत्र एका फाइलीत लाव. पन्नाशीनंतर राज्य सरकारचं कलावंत मानधन आहे, महिन्याला ५००० रुपये, आणि अर्ज करताना इतकी वर्षं काम केल्याचे पुरावे लागतात. किती बायका पुराव्याअभावी तशाच राहिल्या. अख्खं आयुष्य नाचल्या आणि कागद एक नाही. आत्ता तुला पन्नाशी दिसत नाही, ठीक आहे, फाइल तर घेशील?

एक गोष्ट मात्र खटकली, ती सांगते. पत्रात तू लिहिलंस, "आम्ही घरंदाज मुली आहोत, बारीतल्या नाही, हे लोकांना कळायला हवं." हे वाक्य माइकवर कधी बोलू नकोस. ज्या अदा तू क्लासमध्ये फी भरून शिकलीस त्या कोल्हाटी आणि इतर समाजांतल्या बायकांनी पिढ्यान्पिढ्या जपल्या, त्यापायी लग्न, शाळा, गावातली पत सगळं गमावलं. अकलूजच्या लावणी स्पर्धेत ज्या पार्ट्यांना पाहून आम्ही तोंडात बोटं घातली त्या याच घरांतल्या. त्यांच्यापासून अंतर दाखवून तुला मान मिळणार नाही. शिट्टी मारणारा तुला आणि त्यांना एकाच नजरेने बघतो. उलट वेळ काढून जामखेडला किंवा चौफुल्याला जा, बारी बघ, तिकिटाचे पैसे देऊन. आवडली तर त्या बाईला भेट, शिकवशील का विचार, आणि ती मागेल ती दक्षिणा दे. कार्यक्रमात तिचं नाव घे.

घरी सांगितलं नाहीस असं दिसतंय. सांग. परक्या माणसाच्या मोबाइलवरून वडिलांना कळण्यापेक्षा तुझ्या तोंडून कळलेलं बरं. पहिल्यांदा आईला महिलांच्या कार्यक्रमाला घेऊन जा, तिथे बायका फेर धरून नाचतात, ते तिने बघू दे.

आणि वादकांचे पैसे. तुझी बिदागी हातात आली की आधी ढोलकी, मग पेटी, मग मुली, मग तू. ढोलकीवाला नाराज असला तर नथ सावरूनही सम येत नाही. तुझ्यासाठी एकाशी बोलून ठेवलंय, हात फार गोड आहे, तोंड जरा फटकळ. नंबर सोबत पाठवते. दुपारी तीननंतर फोन कर, सकाळी तो उचलत नाही.

तुझी,
ताई