वाचकांचे प्रश्न: खुनी आधीच कळला तर?

या महिन्यातली बरीचशी पत्रं रहस्यकथा आणि थरारपटांबद्दल आहेत. मी २६ वर्षं शवविच्छेदनं केली आणि तेवढीच वर्षं उशाशी रहस्यकथा ठेवून झोपले. त्यामुळे हे प्रश्न माझ्या फार जवळचे आहेत. ज्यांनी कलाकृती पाहिल्या-वाचल्या नाहीत त्यांच्यासाठी शेवट शक्यतो झाकून ठेवते. फक्त दुसऱ्या प्रश्नात ते जमणार नाही.

प्रश्न : ‘दहाड’ (२०२३) या मालिकेत खुनी कोण ते सुरुवातीलाच कळतं. मग आठ भाग कशासाठी बघायचे?

मी तर ते कळल्यानंतरच सावरून बसले. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉक याने फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला दिलेल्या मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण आहे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. तो टेबलाखाली आहे हे प्रेक्षकाला आधी ठाऊक असेल आणि पात्रं मात्र निवांत गप्पा मारत असतील, तर पुढची पंधरा मिनिटं त्याचा जीव टांगणीला लागतो. ‘दहाड’मधला माणूस शिक्षक आहे, घरी बायको-मुलगा आहे, बोलायला मऊ. तो नव्या मुलीशी फोनवर गोड बोलू लागला की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण पुढचं मला माहीत होतं आणि तिला नव्हतं.

मला त्याहून हलवून गेली ती दुसरी गोष्ट. एकामागून एक बायका सार्वजनिक स्वच्छतागृहात मेलेल्या सापडतात आणि दर वेळी आत्महत्या म्हणून कागद बंद होतो. ते कागद कुणी शेजारी-शेजारी ठेवून वाचलेलेच नसतात. कागद असेच बंद होतात, हे मी माझ्या टेबलावरून पाहिलंय. ‘खुनी कोण’ हा प्रश्न बाजूला सारल्यामुळेच मालिकेला ‘इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही’ हे विचारता आलं.

पुस्तकात हे बघायचं असेल तर जपानी लेखक केइगो हिगाशिनोची कादंबरी ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’ (२००५) वाचा. मृत्यू अगदी सुरुवातीला, आपल्या डोळ्यांदेखत होतो. तरी शेवटी मी पुस्तक मिटलं आणि लगेच पहिल्या पानावर परत गेले. तिच्यावरचा हिंदी चित्रपट ‘जाने जान’ (२०२३) मला आवडला, पण पुस्तकाइतका नाही. कथेतल्या गणिताच्या शिक्षकाचं एकटेपण पानापानांतून साचत जातं, चित्रपटाला तेवढी सवड मिळत नाही.

प्रश्न : ‘महाराजा’ (२०२४) बघून फसवल्यासारखं वाटलं. दोन वेगळे काळ एकच असल्यासारखे दाखवणं ही लबाडी नाही का?

(चित्रपट पाहिला नसेल तर पुढचे दोन परिच्छेद सोडा.) लबाडी मी म्हणणार नाही. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यातला एक असा की गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही तिथल्या तिथे दिसला पाहिजे. मी ‘महाराजा’ दुसऱ्यांदा पाहिला तो वहीत टिपणं काढत. दिग्दर्शकाने खोटं काही दाखवलेलं नाही. त्याने फक्त क्रम मोडलाय, आणि मधली जागा आपण आपल्या गृहीतकांनी भरतो.

माझी तक्रार निराळी आहे. एका मुलीवर झालेला अत्याचार हा तिथे धक्क्याचा ऐवज म्हणून जपून ठेवलाय, योग्य क्षणी उघडण्यासाठी. त्या जागी मला आत कुठेतरी दुखलं. शेवटी ती मुलगी स्वतः त्या माणसासमोर उभी राहते आणि बोलते, ते मला पटलं. ती आणखी आधी बोलायला हवी होती.

प्रश्न : चित्रपटातले डॉक्टर मृतदेह पाहताच ‘मृत्यू रात्री दहा ते साडेदहाच्या दरम्यान’ असं सांगतात. खरंच इतकं नेमकं कळतं?

नाही. शरीर थंड होण्याचा वेग, ताठरपणा, त्वचेखाली साकळलेलं रक्त, पोटातलं अन्न हे सगळं पाहून आम्ही काही तासांचा पल्ला सांगतो. ताठरपणा आधी पापण्या-जबड्यात जाणवतो आणि साधारण बारा तासांत सर्वांगभर पसरतो. पण उकाड्यात तो लवकर येतो आणि लवकर उतरतोही. अंगावर जाड पांघरूण असलं तरी हिशेब बदलतो. तसंच ते चित्रपटात नाकावर दाबतात त्या क्लोरोफॉर्मच्या रुमालाचं. माणूस दोन सेकंदांत कोसळत नाही, कित्येक मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ तो झटापट करतो.

लेखकांना माझी कळकळीची विनंती आहे की ही अनिश्चितता वापरा. ‘संध्याकाळी सहा ते मध्यरात्र’ एवढंच डॉक्टर म्हणाले तर सहा संशयितांच्या सहा जबान्या जिवंत होतात. अर्ध्या तासाची खूण केलीत की त्यातल्या पाच तिथेच मरतात.

आणखी एक. कथेतले नातेवाईक हमखास ‘कधी झालं, कुणी केलं’ हेच विचारतात. मला एका वडिलांनी विचारलं होतं, ‘त्याचे मोजे कुणी काढले?’ बाकी काहीच नाही. असा एक प्रश्न ज्या कादंबरीत सापडतो ती मी कपाटात ठेवते.

प्रश्न : आईला रहस्यकथांचं वेड होतं. बाबा गेल्यापासून ती पुस्तक उघडते आणि पहिला मृतदेह आला की मिटते. तिला काय देऊ?

तिला नव्या थरारकथा इतक्यात देऊ नका. बहुतेकींत पहिल्या दहा पानांतच कुणीतरी मरतं. मृत्यू नसलेली रहस्यकथा शोधा, तशा पुष्कळ आहेत. शेरलॉक होम्सची नीलमण्याची गोष्ट (१८९२) घ्या. एक जुनी हॅट, एक हंस, हरवलेलं रत्न, आणि कुणाचाही जीव जात नाही. चोर सापडल्यावर होम्स त्याला सोडून देतो. पुस्तक तिच्या हातात देऊ नका, संध्याकाळी शेजारी बसून तुम्हीच वाचा. होम्स ती हॅट वॉटसनच्या हाती देऊन मालकाबद्दल काय कळतं असं विचारतो, तिथे थांबा आणि आईला विचारा.