२०१७च्या मॅकबुक एअरवर ओपनकोअर वापरून सेक्वोया टाकावं का? एक्सकोडसाठी हवं आहे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पुण्यात इंजिनिअरिंगला आहात, सेकंडहँड घेतलेला १३ इंची मॅकबुक एअर मॉन्टेरी या मॅकओएसच्या (मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या) जुन्या व्हर्जनवर अडकला आहे, ॲपलकडून पुढचं व्हर्जन मिळणार नाही आणि आयफोन ॲपच्या प्रोजेक्टला नवा एक्सकोड (ॲपलचं ॲप बनवायचं सॉफ्टवेअर) लागतोय. अशा मशीनवर ओपनकोअर लेगसी पॅचरने (ॲपलने सोडून दिलेल्या जुन्या मॅकवर पुढचं मॅकओएस चालवणारं साधन) सेक्वोया हे नंतरचं व्हर्जन टाकलं तर रोजच्या वापराला टिकेल का?

टिकेल. २०१५ आणि २०१७चे एअर या कामासाठी जुन्या मॅकमधले सगळ्यात कमी त्रासाचे आहेत. मात्र इन्स्टॉल करणं एका संध्याकाळचं काम असलं, तरी पुढे प्रत्येक अपडेटला तुम्हालाच हात घालावा लागतो. तेवढी तयारी असेल तर जरूर करा.

आधी मशीन खरंच २०१७चं आहे का ते बघा. खालच्या झाकणावरचा ए१४६६ हा नंबर २०१२ ते २०१७ पर्यंतच्या सगळ्या १३ इंची एअरवर सारखाच असतो, त्यामुळे जुनं मशीन नवं म्हणून सहज खपतं. 'अबाउट धिस मॅक'मधून सिस्टीम रिपोर्ट उघडा आणि मॉडेल आयडेंटिफायर वाचा. 'मॅकबुकएअर ७,२' असेल तर ते २०१५ किंवा २०१७चं. ६,२ असेल तर २०१३-१४चं. त्याला ॲपलने बिग सरपर्यंतच (मॉन्टेरीच्या आधीचं व्हर्जन) आणलं होतं, म्हणजे त्यावर मॉन्टेरी दिसत असेल तर आधीच्या मालकाने पॅचर वापरलेला आहे. ६,२ मधलं इंटेलचं हॅसवेल ग्राफिक्स सेक्वोयावर जास्त कुरकुर करतं. पुढचं सगळं ७,२ धरून लिहितो.

रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे, वाढत नाही. २०१७ला ८ जीबी असते, २०१५च्या बऱ्याच मशीनना ४ जीबी. ४ असेल तर एक्सकोडचा विचार सोडा. डिस्क १२८ जीबीची असेल तर आधी तो प्रश्न सोडवा, कारण एक्सकोड आणि एका सिम्युलेटरने (मॅकवरच चालणारा नकली आयफोन) ३०-४० जीबी सहज जातात. ॲपलची एसएसडी वेगळ्या पिनांची असते, पण साध्या एम.२ एनव्हीएमई एसएसडीला लागणारा छोटा ॲडॉप्टर मिळतो. मागच्या झाकणाला पाच पाकळ्यांचे पी५ स्क्रू दहा असतात. त्यातले दोन लांब आहेत आणि ते बिजागरीच्या बाजूला बसतात, म्हणून काढतानाच वेगळे ठेवा. आत सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा, मग एसएसडीचा टी५ (सहा टोकांच्या ताऱ्यासारखा) स्क्रू. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तापकीर गल्लीत, स्क्रूड्रायव्हर घेताना पी५ आणि टी५ अशी दोन्ही टोकं मागून घ्या. ताऱ्याच्या आकाराचं साधं टोक पी५मध्ये घुसवलं तर स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं आणि मग झाकण उघडणं मुश्कील.

झाकण उघडलंच आहे तर बॅटरी फुगलेली नाही ना, तेही बघून घ्या. बॅटरी अगदीच मेली असेल तर काढून टाकून नुसत्या चार्जरवर चालवू नका. बॅटरी नसली की हा मॅक प्रोसेसरचा वेग स्वतःच खूप खाली आणतो आणि दोष सेक्वोयाला जातो. २०१३ ते २०१७च्या एअरना ए१४९६ ही बॅटरी बसते.

आता इन्स्टॉलेशन. बाहेरच्या डिस्कवर टाइम मशीनचा (मॅकमधलीच बॅकअपची सोय) पूर्ण बॅकअप घ्या. ३२ जीबीचा चांगला पेनड्राइव्ह आणि डिस्कवर ४० जीबी तरी मोकळी जागा ठेवा. इन्स्टॉलर साधारण १५ जीबीचा असतो. हॉस्टेलच्या वायफायला मध्येच लॉगिन मागायची सवय असेल तर डाउनलोड दुसरीकडे करा. अर्धवट उतरलेली फाइल तपासणीत नापास होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. चार्जर लावलेला असू द्या. तुमच्या भागात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जात असेल तर तो दिवसही टाळा.

ओपनकोअर पॅचर त्यांच्या गिटहबच्या पानावरूनच घ्या. पॅचर आहे म्हणून पैसे मागणाऱ्या साइट आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नका. मूळ पॅचर फुकट आहे. ॲपमध्ये 'क्रिएट मॅकओएस इन्स्टॉलर' निवडून सेक्वोया उतरवा आणि पेनड्राइव्हवर लिहा. मग 'बिल्ड अँड इन्स्टॉल ओपनकोअर' करून तो त्याच पेनड्राइव्हच्या ईएफआय भागावर (मशीन सुरू होताना आधी वाचला जाणारा छोटा भाग) टाका. ही दुसरी पायरी राहून गेली की पुढे 'हे व्हर्जन या कॉम्प्युटरवर बसत नाही' असा संदेश येतो.

मशीन रीस्टार्ट करा आणि ऑप्शन की दाबून धरा. आधी 'ईएफआय बूट' निवडायचं, त्यानंतरच्या यादीतून सेक्वोयाचा इन्स्टॉलर. डिस्क २५६ जीबी किंवा मोठी असेल तर माझा आग्रह आहे की मॉन्टेरी पुसू नका. डिस्क युटिलिटीत त्याच कंटेनरमध्ये नवं एपीएफएस व्हॉल्यूम (ॲपलच्या पद्धतीचा वेगळा कप्पा) जोडा आणि सेक्वोया त्यावर बसवा. दोन्ही एकमेकांना धक्का न लावता राहतात, मोकळी जागा वाटून घेतात आणि प्रोजेक्टची तारीख जवळ असताना हाताशी चालतं मशीन राहतं. इन्स्टॉल होताना मशीन तीन-चारदा रीस्टार्ट होतं. परत पहिल्याच पानावर आलात तर घाबरू नका. यादीतून 'मॅकओएस इन्स्टॉलर' हे करड्या डिस्कचं चित्र निवडा, काम पुढे सरकतं.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर मशीन बिघडल्यासारखं वाटेल: खिडक्या अडखळत उघडतात, वायफायच नाही. हे अपेक्षित आहे. ॲपलने व्हेंचुरामध्ये (मॉन्टेरीनंतरचं व्हर्जन) या मॉडेलच्या ब्रॉडवेल ग्राफिक्सचे ड्रायव्हर काढले आणि सोनोमामध्ये (त्यानंतरचं, सेक्वोयाच्या आधीचं) या जुन्या ब्रॉडकॉम वायफायचा आधार काढला. पॅचरमधलं 'पोस्ट-इन्स्टॉल रूट पॅच' हेच तुकडे सिस्टीमच्या व्हॉल्यूममध्ये परत बसवतं. त्यामुळे सुरुवातीच्या सेटअपमध्ये इंटरनेट आणि ॲपल आयडीच्या पायऱ्या वगळा, रूट पॅच चालवा, रीस्टार्ट करा आणि मग लॉगिन करा. मध्ये नेट लागलंच तर आयफोन केबलने जोडा किंवा यूएसबी-इथरनेट ॲडॉप्टर वापरा. अँड्रॉइड फोनचं यूएसबी टेदरिंग मॅक बहुतेक वेळा ओळखत नाही. सगळं जमलं की ओपनकोअर आतल्या डिस्कच्या ईएफआय भागावरही टाका, नाहीतर प्रत्येक वेळी पेनड्राइव्ह लावून बसावं लागेल. पुढच्या बूटला ऑप्शन दाबून, कंट्रोल धरून 'ईएफआय बूट' निवडलं की तेच कायमचं ठरतं. कधी पीरॅम (अशा निवडी साठवणारी छोटी मेमरी) रीसेट केलात तर ही निवड पुसली जाते आणि पडद्यावर आडव्या रेघेचं वर्तुळ दिसतं. तेव्हा पुन्हा तीच निवड करा. डेटा जागेवरच असतो.

रूट पॅचमुळे सिस्टीम व्हॉल्यूमवरचं ॲपलचं सील (सिस्टीममध्ये बदल झालेला नाही याची खूण) तुटतं आणि सिस्टीम इंटिग्रिटी प्रोटेक्शन (सिस्टीमच्या फाइलींना हात लावू न देणारं संरक्षण) अर्धवट शिथिल ठेवावं लागतं. याचे दोन परिणाम रोज जाणवतात. एक, छोटं अपडेटसुद्धा पूर्ण आकाराचं, कित्येक जीबीचं उतरतं. दोन, अपडेट नवं सिस्टीम व्हॉल्यूम आणतं, म्हणजे पॅच गेले आणि पॅच गेले की वायफाय गेलं. म्हणून आपोआप अपडेट लगेच बंद करा. अपडेट घ्यायचं ठरवलं की आधी पॅचरचं नवं व्हर्जन टाका, त्याचं पॅकेज डिस्कवर ठेवा, आतल्या डिस्कवर ओपनकोअर नव्याने बसवा, मग मॅकओएसचं अपडेट घ्या आणि शेवटी रूट पॅच पुन्हा चालवा. सबमिशनच्या आठवड्यात यातलं काहीही करू नका. सुरक्षिततेबद्दल माझं मत असं: सील तुटलेलं पण ॲपलचे सुरक्षा पॅच मिळणारं सेक्वोया हे असे पॅच मिळणं थांबलेल्या मॉन्टेरीपेक्षा बरं, फक्त क्रॅक केलेली सॉफ्टवेअर अशा मशीनवर अजिबात टाकू नका.

एक्सकोडचं गणित मात्र नीट समजून घ्या. एप्रिल २०२६ पासून ॲप स्टोअरवर अपलोड करायला एक्सकोड २६ लागतो आणि त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या सेक्वोया १५.६ वर चालतात. सोनोमावर थांबून भागणार नाही ते यामुळेच. ॲप स्टोअरमधून घेण्याऐवजी ॲपलच्या डेव्हलपर साइटवरून सेक्वोयाला चालणारी आवृत्ती निवडून घ्या. ८ जीबीवर सिम्युलेटर रखडतो, तेव्हा चाचणी खऱ्या आयफोनवर केबलने करा आणि क्रोम बंद ठेवा. आयफोन मिररिंग (मॅकवर आयफोनचा पडदा) आणि ॲपल इंटेलिजन्स (ॲपलच्या एआय सोयी) या मशीनवर पॅचरनेही येत नाहीत; पहिल्याला ॲपलची टी२ चिप किंवा ॲपल सिलिकॉन (ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर) लागतं, दुसऱ्याला एम१ किंवा त्यापुढची चिप. टाहोच्या (सेक्वोयानंतरचं मॅकओएस) नादी लागू नका. इंटेलसाठी ते शेवटचं व्हर्जन आहे आणि २०१९-२० च्या मोजक्याच इंटेल मॅकना अधिकृतपणे मिळतं.

पहिले एक-दोन दिवस स्पॉटलाइट (मॅकमधली शोधाची सोय) सगळ्या फाइलींची नोंद करत असतं, पंखा जोरात फिरतो आणि मशीन तापतं. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये तर जास्तच, तेव्हा गादीवर ठेवून वापरू नका. त्यानंतरही तापत राहिलं तर पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्ट बदलून घ्या.

जमलं नाहीच तर परतीची वाट सोपी आहे. फक्त ग्राफिक्सच बिघडलं असेल तर पॅचरमधलं 'रिव्हर्ट रूट पॅचेस' करून पॅच पुन्हा बसवा. पूर्ण माघार घ्यायची तर कमांड-ऑप्शन-आर दाबून मशीन सुरू करा: इंटरनेट रिकव्हरी या मॉडेलला चालणारं शेवटचं अधिकृत व्हर्जन, म्हणजे मॉन्टेरीच, बसवते. डिस्क पुसून ते बसवा आणि टाइम मशीनमधून डेटा परत घ्या.