ग्राफीनचा एका अणूइतका पातळ थर कसा वाढवतात, आणि तो सिलिकॉनची जागा घेईल का?

ग्राफीन म्हणजे कार्बनच्या अणूंची सपाट जाळी; तिचा मोठा थर हवा असेल तर तो तांब्याच्या पातळ पत्र्यावर वाढवतात: पत्रा भट्टीत सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यावर हायड्रोजन व मिथेन सोडला की मिथेनचे विघटन होते, कार्बनचे अणू षटकोनी जाळी विणतात, आणि कार्बन तांब्यात जवळजवळ विरघळत नसल्यामुळे वाढ बहुतांशी एका थरावरच थांबते. खरी कसोटी त्यानंतर लागते, कारण पॉलिमरचा लेप देऊन खालचे तांबे रसायनात विरघळवताना आणि थर सिलिकॉनच्या चकतीवर उतरवताना सुरकुत्या व चिरा पडतात. इलेक्ट्रॉनिक चिपमधील सिलिकॉनची जागा तो सहजासहजी घेणार नाही. ग्राफीनला बँड गॅप (प्रवाह थांबवायला लागणारी, इलेक्ट्रॉनना वर्ज्य असलेली ऊर्जेची दरी) नसल्याने त्याचा ट्रान्झिस्टर पूर्ण बंदच होत नाही. संवेदक आणि पारदर्शक इलेक्ट्रोड हे क्षेत्र मला अधिक आश्वासक वाटते, कारण एक थर दृश्य प्रकाशाचा जेमतेम २.३ टक्के भाग शोषतो.