लॅपटॉपची स्क्रीन कॉलिनने पुसली तर चालेल का? पुसल्यावर पांढरे ओघळ राहतात, ते कसे टाळायचे?

नको, कॉलिन खिडक्यांसाठी ठेवा. स्क्रीनला मायक्रोफायबरचं कापड आणि थोडं डिस्टिल्ड वॉटर पुरतं. काच पुसायच्या स्प्रेमध्ये अमोनिया किंवा सॉल्व्हंट असू शकतात, आणि स्क्रीनवरचा चमक कमी करणारा पातळ थर त्यांनी हळूहळू उतरतो. मग मधेच ढगाळ चट्टे दिसतात, ते परत जात नाहीत. ओघळ बहुतेकदा नळाच्या किंवा बोअरच्या जड पाण्यातल्या क्षारांचे असतात. डिस्टिल्ड वॉटर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं तेच.

लॅपटॉप बंद करून चार्जर काढा. काळ्या पडद्यावर बोटांचे ठसेही नीट दिसतात. आधी कोरड्या कापडाने धूळ काढा, नाहीतर तीच घासली जाऊन चरे पडतात. मग कापड जेमतेम ओलसर करून हलक्या हाताने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपा. स्क्रीनवर थेट फवारायचं नाही; थेंब ओघळून खालच्या पट्टीतून आत जातो. टिश्यू पेपर, जुना बनियन, वर्तमानपत्र, काहीही नको.

टचस्क्रीनची साधी काच जरा दणकट असते, तिथे तेलकट डागाला ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन बहुधा चालतं, पण आधी कंपनीच्या सूचना बघा. मॅट स्क्रीनला मात्र ते परस्पर लावू नका.